कूलरखालच्या डबक्यापासून गोरेवाड्यापर्यंत: पक्षी, किडे आणि घरच्या प्राण्यांचे फोटो कसे काढायचे

मे महिन्यात नागपुरात आमच्या मागच्या खिडकीतल्या कूलरमधून पाणी ठिबकतं, खाली फरशीवर तळहाताएवढं डबकं साचतं, आणि दुपारी दोनला पारा ४५ च्या आसपास असताना, गल्लीत चिटपाखरू नसताना, त्या डबक्यावर बुलबुल, चिमण्या, साळुंक्या येऊन पाणी पिऊन जातात. मी पक्ष्यांचे फोटो काढायला तिथे शिकले. त्याआधी वर्ष-दीड वर्ष कॅमेरा गळ्यात टाकून पक्ष्यांच्या मागे फिरत होते, कोणी सांगितलं अंबाझरी तलाव तर अंबाझरी, कोणी सांगितलं सेमिनरी हिल्सची टेकडी तर तिकडे, आणि घरी येऊन कार्ड उघडलं की बहुतेक फोटो पाठ फिरवून उडालेल्या पक्ष्याचे. कूलरखाली मात्र तोच बुलबुल रोज त्याच वेळेला माझ्यापासून सहा फुटांवर उतरत होता, आणि माझं काम एवढंच की पडद्याआड गप्प बसायचं.

तेव्हा जे डोक्यात बसलं तेच सगळं पुढे सांगतेय. मागे जायचं नाही. तो प्राणी जिथे येणारच आहे तिथे आपण आधी जाऊन बसायचं. पक्षी पाण्यावर येतो, फुलपाखरू अंडी घालायला ठरलेल्या झाडावर येतं, आणि घरचा कुत्रा आपण जमिनीवर बसलो की आपोआप जवळ येतो.

आधी कॅमेऱ्याचं उरकून घेऊ

कारण सगळे इथेच अडकतात. हातात चांगला मोबाईल असेल तर किडे आणि घरचे प्राणी आजपासूनच सुरू करा, वेगळं काही घेऊ नका. पक्ष्यांसाठी मात्र खरा झूम लागतो, मोबाईलवर बोटांनी ताणून काढलेला पक्षी म्हणजे नुसता रंगाचा डाग. बजेट कमी असेल तर सेकंडहँड साधा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि ५५-२५० किंवा ७०-३०० एमएमची लेन्स, एवढ्यात गच्ची, बगीचा, कॉलनी सगळं होतं. क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे उजेड टिपणारा सेन्सर थोडा लहान असलेल्या) बॉडीवर ३०० एमएम लेन्स लावली की निकॉन किंवा सोनीवर ४५० आणि कॅननवर ४८० एमएमएवढं जवळ दिसतं, हा फायदा आपल्यासारख्यांना खूप मोठा आहे. निकॉन पी९०० सारखे ब्रिज कॅमेरेही (लेन्स कायमची जोडलेले, मोठ्या झूमचे) वाईट नाहीत, ८३ पट झूम आहे, तलावाच्या मधोमध बसलेलं बदक ओळखता येतं, फक्त सेन्सर लहान असल्यामुळे पहाटेच्या अंधुक उजेडात फोटो दाणेदार येतात. १५०-६०० ची लेन्स घ्यायच्या आधी एक दिवस भाड्याने आणून बघाच, ती दोन किलोच्या आसपास असते आणि तासभर हातात धरली की खांदा भरून येतो.

सेकंडहँड लेन्स घेताना एक गोष्ट न विसरता करा. मागचं झाकण काढा, एका बाजूने मोबाईलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्तात मिळत असली तरी परत करा. मी एका विक्रेत्यावर विश्वास ठेवून न बघता घेतली होती, पहिल्याच पावसाळ्यात ती बुरशी काचभर पसरली आणि लेन्स गेली.

पाण्याची जागा तयार करा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मातीचं उथळ परळ घ्या, नाहीतर कुंडीखाली ठेवतात ती मातीची थाळी. पाणी दीड-दोन इंचांपेक्षा खोल नको, आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवा म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकायला जागा होते. स्टीलचं भांडं नको, आपल्या उन्हात ते तव्यासारखं तापतं. परळ सावलीत ठेवायचं, पण दाट झुडपाला अगदी चिकटून नाही, कारण मांजर तिथेच दबा धरून बसते. पाणी रोज बदला, भांडं दोन-तीन दिवसांनी घासा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात आणि पक्ष्यांचं राहिलं बाजूला, घरात डेंग्यू यायचा.

आता फोटोचं. परळात बसलेल्या पक्ष्याचा फोटो छान दिसत नाही, म्हणून परळापासून फूट-दीड फुटावर एक वाळलेली फांदी उभी करायची, बाभळीची किंवा बोरीची, जुन्या डब्यात वाळू भरून त्यात रोवायची. पक्षी सहसा थेट पाण्यावर उतरत नाही. आधी जवळच्या उंच जागेवर बसतो, इकडेतिकडे बघतो, मग खाली येतो. ती उंच जागा आपण दिलेली फांदी असली की फोटो तिथे मिळतो. फांदी करंगळीएवढी जाड असू द्या, फार जाड असली तर पक्ष्याचे पाय दिसत नाहीत.

फांदीच्या मागे काय आहे ते बघा. भिंत दोन फुटांवर असेल तर तिचे पोपडेसुद्धा फोटोत दिसतील, तेच मागे दहा-पंधरा फुटांवर कडूलिंबाची सावली असेल तर अख्खा मागचा भाग मऊ हिरवा होऊन जातो. पक्षी आपल्याजवळ आणि बॅकग्राउंड त्याच्यापासून लांब, एवढं जमलं की साध्या लेन्सचा फोटोही महागड्या लेन्ससारखा दिसतो.

मी दाराला जुनी चादर बांधते आणि त्यात लेन्सच्या तोंडाएवढं भोक ठेवते. सुरुवातीचे दोन-तीन दिवस त्या भोकातून एक काळा रंग दिलेली बाटली बाहेर काढून ठेवा, कॅमेरा नको. पक्ष्यांना त्या काळ्या नळीची सवय होते, मग तिच्या जागी लेन्स आली तरी ते बिथरत नाहीत. कॅमेऱ्यात सायलेंट शटर असेल तर चालू करा.

पहिला आठवडा फोटो काढूच नका, असं मी सगळ्यांना सांगते आणि कोणी ऐकत नाही. नुसती वही घेऊन बसा आणि कोण किती वाजता येतं ते लिहा. आमच्याकडे सकाळी साडेसहाला दयाळ, मग साळुंक्यांची टोळी, अकराच्या पुढे बुलबुलची जोडी, आणि सगळ्यात शेवटी डोळ्याभोवती पांढरं कडं असलेले छोटे चष्मेवाले, ते आले की पाच-सहा एकदम येतात आणि मिनिटभरात अंघोळ उरकून निघून जातात. एखाद्या दिवशी सगळं अचानक चिडीचूप झालं की समजा शिक्रा हा शिकारी पक्षी आसपास बसलाय.

बुलबुल पाणी पितो ते नीट बघा. चोच बुडवतो, मग मान वर करतो, गळा हलतो, आणि चोचीच्या टोकाला एक थेंब लोंबत राहतो, अर्धा सेकंद असेल नसेल. तो थेंब हवा असेल तर मान वर जायला लागली की बटण दाबायचं, थेंब दिसल्यावर दाबलं तर उशीर होतो. पारव्याच्या बाबतीत मात्र हे चालत नाही, कबुतराच्या जातीचे पक्षी चोच पाण्यात ठेवूनच ओढून पितात, मान वर करतच नाहीत, तेव्हा थेंबाची वाट बघत बसू नका.

दुपारचं ऊन फोटोला वाईट असं सगळीकडे लिहिलेलं असतं ते खरं आहे, पण पक्षी सावलीत असेल आणि समोरच्या घराची पांढरी भिंत उन्हात असेल तर त्या भिंतीवरून परतलेला उजेड फार सुंदर पडतो. माझे आवडते फोटो भर दुपारचे आहेत.

एक गोष्ट आधीच करून टाका, शेजारी सांगून ठेवा. खिडकीतून लांब लेन्स बाहेर आलेली बघून समोरच्या काकू एक दिवस खालून ओरडल्या, "वहिनी, आमच्या गॅलरीकडे काय पाहून राहिल्या?" मी त्यांना वर बोलावलं, स्क्रीनवर त्यांच्याच शेवग्यावरचा शिंजीर दाखवला. आता त्याच मला फोन करून सांगतात की लवकर ये, हळद्या बसलाय.

सेटिंग

मी मॅन्युअल मोड आणि सोबत ऑटो आयएसओ वापरते, म्हणजे ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) आणि शटर (उजेड किती वेळ आत येतो) मी ठरवते, आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) कॅमेरा ठरवतो. ॲपर्चर लेन्सचं जेवढं जास्त उघडतं तेवढं उघडं. शटर १/१००० वर ठेवून सुरुवात करा, पक्षी शांत बसलेला असेल तर १/५०० चालतं, उडता बगळा किंवा घार हवी असेल तर १/२०००, आणि वेडा राघू हवेत माशी पकडताना हवा असेल तर १/३२०० च्या खाली येऊ नका. ऑटो आयएसओची मर्यादा जुन्या बॉडीवर ३२००, नवीनवर ६४००. दाणे आलेला फोटो नंतर थोडा तरी सुधारता येतो, हललेला फोटो सुधारत नाही, म्हणून शटर कमी करून आयएसओ वाचवायच्या भानगडीत पडू नका.

फोकस पक्षी हलला तरी सतत त्याच्या मागोमाग जाणारा ठेवा, कॅननमध्ये त्याला एआय सर्वो म्हणतात आणि बाकीच्यांत एएफ-सी. जुन्या कॅमेऱ्यात एकच पॉइंट निवडून तो डोळ्यावर धरायचा, नवीन मिररलेसमध्ये पक्ष्याचा डोळा कॅमेराच शोधतो. डोळा शार्प असेल तर शेपटी थोडी अस्पष्ट चालते, उलटं चालत नाही.

आणि आता ज्याने सगळ्यांचे फोटो बिघडतात ते. कॅमेऱ्याच्या मीटरला (उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला) समोरचं पांढरं आहे की काळं हे कळत नाही, तो सगळ्याची सरासरी मधल्या राखाडीवर आणून ठेवतो. त्यामुळे गडद पाण्यावर पांढरा बगळा असला की मीटर पाणी बघून फोटो उजळ करतो आणि बगळ्याची पिसं जळून नुसता पांढरा कागद होतो, तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करायचं सेटिंग) उणे ०.७ ते उणे १.३ करायचं. उलट तारेवर काळा कोतवाल आणि मागे पांढरं आभाळ असलं की मीटर आभाळ बघून सगळं काळवंडतो, कोतवालाचा डोळाही दिसत नाही, तिथे अधिक १ ते अधिक १.७. पहिला फोटो काढला की हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा आणि जळलेला पांढरा भाग स्क्रीनवर लुकलुकायची वॉर्निंग चालू ठेवा, बगळा लुकलुकला की अजून उणे. शक्य असेल तर रॉमध्येच (सेन्सरवरच्या मूळ फाइलमध्येच) काढा, जेपेगमध्ये जळलेलं पीस परत येत नाही.

घराबाहेर पडल्यावर

गच्चीवर हात बसला की तलावावर जा, आणि नागपूरकरांचं नशीब असं की तलाव शहरातच आहेत. अंबाझरीच्या पाळीवर उभं राहिलं की पाणी पश्चिमेला असतं, म्हणजे सकाळी सूर्य आपल्या पाठीशी आणि पक्ष्याच्या तोंडावर. फुटाळा तलावाच्या चौपाटीवरूनही तसंच. संध्याकाळी याच जागांवरून फक्त काळ्या आकृत्या मिळतात, त्या हव्या असतील तर जरूर जा. मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास उजाडतं, जानेवारीत पावणेसातच्या पुढे, आणि त्यानंतरचे दोन-अडीच तास कामाचे. मार्चपासून पुढे नऊ-दहा वाजले की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि लांबचा कुठलाच फोटो शार्प येत नाही, त्या वेळी लेन्सला दोष देऊ नका, घरी जाऊन तर्री पोहे खा.

हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, बाहेरून आलेले पाणपक्षी असतात. मोठी लालसरी, तलवार बदक, आणि काळ्या अंगाचे पांढऱ्या कपाळाचे चांदवे. हिमालय ओलांडून येणारे बार हेडेड गूज हे हंस बघायचे तर शहराबाहेर जिल्ह्यातल्या पारडगाव किंवा सायकीसारख्या तलावांवर जावं लागतं. पाण्यातल्या पक्ष्याचा फोटो उभ्याने काढला तर तो वरून काढलेल्या भांड्यासारखा दिसतो. काठावर बसा, शक्य असेल तर पालथे पडा, लेन्स पाण्याच्या पातळीला आली की तोच फोटो बदलून जातो. जवळ जाताना सरळ चालायचं नाही, तिरकं तिरकं जायचं, मध्ये थांबायचं, दुसरीकडे बघायचं. चरणाऱ्या थव्यातल्या दोन-चार माना वर झाल्या की तिथेच थांबा. अजून पुढे गेलात तर अख्खा थवा उठतो, आणि एवढ्या लांबून आलेल्या पक्ष्यांना आपल्या एका फोटोसाठी उठवणं मला पटत नाही.

शहराबाहेरच्या रस्त्यावर गाडीतून उतरू नका. तारेवर कापशी किंवा चास बसलेला असेल तर गाडी हळूच थांबवा, इंजिन बंद करा, काच खाली करून तिच्यावर तांदळाची छोटी पिशवी ठेवा आणि त्यावर लेन्स टेकवा. पक्षी गाडीला फारसे घाबरत नाहीत, दार उघडून माणूस उतरला की लगेच उडतात.

धनेश बघायचा तर सेमिनरी हिल्स, आणि पिकलेला उंबर, वड किंवा पिंपळ शोधायचा. आपला राज्यपक्षी हरियालही याच झाडांवर मिळतो, पण पानांत असा मिसळतो की झाडाखाली उभं राहूनही दिसत नाही. सकाळी पहिलं ऊन शेंड्यावर आलं की थवाच्या थवा उन्हात येऊन बसतो, तेव्हा काढा. गोरेवाड्याच्या जंगलाकडे पहाटे जायचं तर एकट्याने जाऊ नका, बायकांनी तर नाहीच, आणि पायात बूट हवेत, गवतात घोणस असते. झाडावर किंवा टाकीवर आग्यामोहोळ दिसलं तर फ्लॅश तर सोडाच, लांबूनच मागे फिरा.

पावसाळ्याच्या तोंडाशी नवरंग पक्षी येतो आणि त्याच्यासोबत एक वाईट सवयही येते, मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढायची. तो त्याचा विणीचा काळ असतो. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो सगळं काम सोडून नसलेल्या नराशी भांडायला येतो, आणि दिवसातून पाच फोटोग्राफर असं करून गेले तर त्याने घरटं कधी करायचं आणि पिल्लांना खायला कधी आणायचं? नवरंग जमिनीवर पालापाचोळ्यात वावरतो, पहाटे आणि संध्याकाळी ओरडतो. आवाज आला त्या बाजूला झाडाला पाठ टेकवून अर्धा तास बसा, येतो.

घरट्याचे फोटो काढू नका. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. सुरुवातीच्या काळात आमच्या जास्वंदीत बुलबुलचं घरटं होतं, तीन अंडी, गुलाबी आणि त्यावर तांबूस ठिपके. मला अंडी नीट दिसावीत म्हणून मी दोन फांद्या दोरीने मागे बांधल्या, चार फोटो काढले आणि फांद्या सोडून दिल्या. पानं पहिल्यासारखी बसली नाहीत. संध्याकाळी कावळा येऊन अंडी घेऊन गेला आणि बुलबुलची जोडी दोन दिवस त्या झाडाभोवती ओरडत होती. ते चारही फोटो मी पुसून टाकले. सुगरणीच्या घरट्यांचं वेगळं, ती उघड्यावर लटकलेली असतात, तीस-चाळीस फूट लांबून मोठ्या लेन्सने नराचं विणकाम काढता येतं, तिथेही झाडाखाली जायचं नाही.

संक्रांतीच्या दिवसांत कॅमेऱ्यासोबत एक पुठ्ठ्याचा खोका गाडीत ठेवा. नायलॉन मांजावर बंदी असूनही तो झाडांवर लटकलेला असतो आणि घारी, बगळे त्यात अडकतात. जखमी पक्षी मिळाला तर कापड टाकून उचला, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. सेमिनरी हिल्सला ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे उपचार होतात.

किडे आणि फुलपाखरं

फुलपाखराच्या मागे बागेत धावणं हे पक्ष्याच्या मागे धावण्यासारखंच, दमून घरी येता. त्यापेक्षा झाड लावा. मादी ठरलेल्याच झाडावर अंडी घालते कारण अळी दुसरं काही खात नाही. लिंबू, संत्रा, कढीपत्ता यांवर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन, रुईवर प्लेन टायगर, कण्हेरीवर कॉमन क्रो, उंच वाढणाऱ्या आसुपालवाच्या अशोकावर टेल्ड जे, आणि पानफुटीवर रेड पिएरो. आपल्या संत्र्याच्या शहरात कुंडीतलं एक लिंबाचं झाड पुरेसं आहे.

लिंबाच्या कोवळ्या पानावर मोहरीपेक्षा लहान, पिवळसर, गोल अंडं एकेकटं घातलेलं असतं. त्यातून निघालेली अळी काळपट, मध्ये पांढरा पट्टा, हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी, आणि ते मुद्दाम तसंच आहे, शीट समजून पक्षी तिला हात लावत नाहीत. शेवटची कात टाकली की तीच अळी एकदम हिरवीगार होते, पानात मिसळून जाते. तिला गवताच्या काडीने हलकंच टेकवलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन टोकांची शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास येतो. हे एकदाच करा, फोटोसाठी परत परत नको, तिची ताकद त्यात जाते. मग ती फांदीला कंबरेभोवती रेशमाचा धागा बांधून कोष करते. आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत कोष गडद व्हायला लागतो आणि आतल्या पंखांची नक्षी बाहेरून दिसते. तेव्हा समजा, उद्या सकाळी. सूर्य उगवायच्या आधी स्टूल टाकून बसा. कोष फुटतो, चुरगळलेल्या कागदासारखे ओले पंख घेऊन ते बाहेर येतं, उलटं लटकतं, आणि पंख हळूहळू भरून ताठ होतात. पुढचा तासभर ते उडू शकत नाही. पंखावरचा एकही खवला न झडलेलं, नवं कोरं फुलपाखरू, चार इंचांवरून, आणि तेही त्याला न पकडता.

तांत्रिक बाजू अशी. जवळून फोटो काढताना शार्प येणारा पट्टा फार अरुंद असतो, किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उतरवला तर एफ ८ वरसुद्धा एक मिलिमीटरच्या आतबाहेर. म्हणून ॲपर्चर एफ ८ ते एफ ११ ठेवा आणि कॅमेरा पंखांना समांतर धरा, म्हणजे दोन्ही टोकं एकाच पट्ट्यात येतील. फोकस रिंग फिरवत बसू नका, एकदा ठेवली की स्वतःचं अंग पुढे-मागे झुलवायचं आणि डोळा शार्प दिसला की दाबायचं. १०० एमएमची मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स महाग आहे, सुरुवातीला ७०-३०० च्या पुढे रायनॉक्स २५० ही क्लिपने बसणारी भिंगाची काच लावा किंवा लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. अजून स्वस्तात ५० एमएमची लेन्स रिव्हर्स रिंगने उलटी लावता येते, फक्त मग ऑटोफोकस चालत नाही. मोबाईलवाल्यांनी मॅक्रो मोड चालू करून किड्यावर स्वतःची सावली पडत नाहीये ना तेवढं बघावं.

एवढं ॲपर्चर बंद केलं की उजेड कमी पडतो, तिथे फ्लॅश लागतो, शटर १/२०० च्या आसपास. पण उघडा फ्लॅश मारला तर भुंग्याच्या पाठीवर पांढरा चट्टा येतो, म्हणून त्याच्यापुढे बटर पेपरचे दोन थर किंवा पॅकिंगमधला पांढरा पातळ फोम वाकवून लावा. फूल वाऱ्याने हलत असेल तर शेजारी काडी रोवून कपड्याच्या चिमट्याने देठ धरा.

हिवाळ्यात सकाळी किडे गारठलेले असतात, अंगावर दव असतं, हलत नाहीत, तीच वेळ. काही लोक किडा फ्रीजमध्ये ठेवून सुन्न करतात, ते कृपा करून करू नका. चतुर काढायचा तर तळ्याकाठची एक काडी हेरा, तो उडाला तरी पुन्हा पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतो, तुम्ही आधीच फोकस लावून बसलेले असा. आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की ओल्या मातीवर लाल मखमलीचे मृगाचे किडे निघतात, फार थोडे दिवस दिसतात, तेव्हा कपडे खराब व्हायचा विचार करू नका, सरळ जमिनीवर आडवे पडा.

घरचे प्राणी

आमचा बंड्या काळा गावठी कुत्रा आहे आणि त्याच्यामुळे माझं सेटिंग पक्कं झालं. काळा कुत्रा पूर्ण फ्रेममध्ये भरला की मीटर त्याला राखाडी करतो, म्हणून थोडं उणे. पण त्याला भर उन्हात काढला तर केसांची चमक पांढरी आणि बाकी सगळा काळा गोळा. त्याला दारात आणा, तोंड बाहेरच्या उजेडाकडे आणि अंग घराच्या सावलीत. डोळ्यात दाराचं पांढरं प्रतिबिंब दिसायला लागलं की उजेड बरोबर आहे.

तुम्ही खाली बसा. उभ्याने काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड येतात. कोपर जमिनीला टेकवा, लेन्स त्याच्या डोळ्याच्या रेषेत. बसलेल्याला १/२५०, पळणाऱ्याला १/१००० आणि वर. बघ इकडे, बघ इकडे म्हणून नावाने हाका मारत राहू नका, दहाव्या हाकेनंतर तो लक्षच देत नाही. नेहमीपेक्षा वेगळा एकच आवाज काढा, पोळीचा डबा उघडल्याचा किंवा पिशवी चुरगळल्याचा, कान उभे राहतात ते दोन सेकंद मिळतात, आणि मग खरोखर काहीतरी खायला द्या, फसवू नका. फ्लॅश नको, कुत्र्या-मांजरांच्या डोळ्याच्या आत मागच्या बाजूला उजेड परतवणारा थर असतो, डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि प्राणीही दचकतो. मांजर रोज ज्या खिडकीत ऊन खाते तिथेच काढा, उचलून दुसरीकडे ठेवलेली मांजर कधीच फोटो देत नाही.

गावी शेळ्या, वासरं असतील तर पहाटेची धारेची वेळ पकडा. पोळ्याला बैलांचे फोटो सगळे तोरणाखालच्या गर्दीत काढतात, मला सकाळी नदीवर धुतानाचे आवडतात, बैल निवांत असतो आणि धुणारा माणूस त्याच्या कानात काहीतरी बोलत असतो. पिंजऱ्यातल्या पोपटाचा फोटो काढायला कोणी बोलावलं तर मी जात नाही. आपला देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे अजूनही पुष्कळ घरांत माहीत नाही, त्यांना शांतपणे सांगा.

घरी आल्यावर

त्याच दिवशी कार्ड रिकामं करा, फोल्डरला तारीख आणि जागा लिहा. एका पक्ष्याचे चाळीस फोटो असतील तर डोळे मोठे करून बघा आणि दोन ठेवा. क्रॉप करताना पक्षी ज्या बाजूला बघतोय तिकडे जागा सोडा. फोटो सुधारायचं लाइटरूम सॉफ्टवेअर नसेल तर मोबाईलवर स्नॅपसीड ॲप पुरतं, फक्त रंग इतके भडक करू नका की खंड्या ओळखूच येणार नाही.

पक्ष्यांचे फोटो ईबर्ड या साइटवर आणि किड्यांचे आयनॅचरलिस्टवर टाका, नाव माहीत नसलं तर आयनॅचरलिस्टवरचे जाणकार सांगतात आणि कुठे काय दिसलं याची नोंद राहते. ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह, जो मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या वाढदिवसांना जोडून राज्यात साजरा होतो, सुरुवात करायला छान निमित्त आहे. घुबडाची ढोली किंवा एखाद्या दुर्मिळ पक्ष्याची नेमकी जागा मात्र ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे वीस कॅमेरे उभे असतात.

पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत ठेवूच नका, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, दाण्यांचा रंग बदलला की पुड्या बदला. एसीतून एकदम बाहेरच्या दमट हवेत काढला की काचेवर बाष्प येतं, पुसू नका, दहा-पंधरा मिनिटं बॅग बंद ठेवून थांबा. उन्हाळ्यात स्कूटरच्या डिक्कीत विसरू नका. आणि कार्ड रिकामं केल्यावर ते कॉम्प्युटरवर फॉरमॅट न करता कॅमेऱ्यात टाकून तिथेच फॉरमॅट करा, तेही फोटो दोन ठिकाणी कॉपी झालेत हे उघडून बघितल्यावर.